निवड : जन्माची की कृपेची?

एका तालुक्याच्या गावी अभ्यासवर्ग भरला होता. विषय होता धर्म आणि समता. बोलता बोलता एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी निरक्षर. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. गावाने तिला कधी सरळ नावाने हाक मारली नाही. ती मात्र म्हणायची, "देवानं मला जग व्हायच्या आधी निवडलंय. त्याच्या हातातनं मला कोण काढून घेतंय?" हे ऐकताच मागे बसलेला एक कार्यकर्ता म्हणाला, "म्हणजे ह्या देवानंही काही उचलले, काही टाकले. मग ब्रह्मदेवानं तरी वेगळं काय केलं?"

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणूस जन्माला येण्याआधीच त्याची जागा कोणीतरी ठरवून ठेवतो, या कल्पनेचे चटके आपण पिढ्यानपिढ्या सोसले आहेत. मुखातून कोण आला आणि पायातून कोण आला, हे ज्यांनी ठरवले त्यांनी ते देवाच्याच नावावर खपवले. तेव्हा 'ईश्वरी निवड' हा शब्द कानावर पडला की आपण सावध होतो. व्हायलाच हवे. परंतु सावध राहायचे तर समोर काय आहे ते आधी नीट माहीत पाहिजे. एखादी श्रद्धा न समजता झुगारणे जितके सोपे, तितकेच ती डोळे मिटून स्वीकारणेही सोपे. प्रस्तुत लेखात या दोन्ही सोप्या वाटा टाळायच्या आहेत.

ईश्वराचे प्रेम अनादि आहे, ते तुटत नाही, आणि कोणावर प्रेम करायचे हे तो कोणाच्याही सल्ल्याशिवाय, सार्वभौमपणे ठरवतो, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगते. हा विचार कुठून आला? त्याने माणसे कशी उभी केली? माणसे तोडायला तो कसा वापरला गेला? आणि ज्यांना तोडले त्यांनी तो परत कसा मिळवला? या प्रश्नांसाठी दक्षिण आफ्रिकेचा इतिहास विशेष पाहण्यासारखा आहे. तेथे हा सिद्धांत ग्रंथात बंद राहिला नाही. तो प्रभुभोजनाच्या मेजापाशी, एका पेल्यापाशी येऊन ठेपला. एका पेल्याला कोणाचे ओठ लागावेत हा प्रश्न किती खोल असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

गुलामांची निवड

बायबलच्या पहिल्या भागाला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. त्यातली निवडीची कथा राजवाड्यात सुरू होत नाही. ती मिसर देशात विटा थापणाऱ्या वेठबिगारांपासून सुरू होते. या लोकांना त्यांचा देव सोडवतो आणि आपले म्हणतो. का? 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात याचे उत्तर आहे. त्याचा आशय असा : तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून देवाने तुम्हांला निवडले नाही, उलट तुम्ही सर्वांत थोडके होता, त्याने तुमच्यावर प्रेम केले आणि पूर्वजांना दिलेला शब्द पाळला, एवढेच कारण.

या उत्तराकडे बारकाईने पाहिले पाहिजे. निवडीचे कारण निवडलेल्यांत सापडत नाही. त्यांचे कूळ, शौर्य, पुण्याई, शुद्धी यांतले काहीही हिशेबात नाही. सगळे कारण निवडणाऱ्याच्या प्रेमात आहे. चातुर्वर्ण्याचे समर्थन नेमके याच्या उलट चालते. तेथे वरच्या जागेचे कारण वरच्याच्या अंगी असते. जन्म, गुण, पूर्वसंचित असे काहीतरी त्याच्या नावावर जमा असते. इस्राएलला मात्र सांगितले गेले की तुमच्या खात्यावर काहीच जमा नाही.

या प्रेमाला हिब्रू भाषेत 'हेसेद' असा शब्द आहे. माया, दया या शब्दांनी त्याचा अर्थ पुरा होत नाही. दिल्या शब्दाला जागणारे, समोरच्याने करार मोडला तरी आपल्या बाजूने न मोडणारे असे ते प्रेम. इ. स. पूर्व आठव्या शतकातला होशेय हा संदेष्टा ते समजावताना घर सोडून गेलेल्या बायकोला परत आणणाऱ्या नवऱ्याचा दाखला देतो. पुढे यरुशलेम उद्ध्वस्त झाल्याच्या काळात यिर्मया या प्रेमाला सार्वकालिक म्हणतो. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना उद्देशून यशयाच्या पुस्तकात आईचा दाखला येतो : आई एकवेळ अंगावरच्या पोराला विसरेल, पण देव विसरणार नाही. तुटणार नाही असे आश्वासन ज्यांना दिले गेले, त्यांचे तोवर सगळे तुटलेले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पण याच ठिकाणी दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर ते अर्धसत्य ठरेल. 'अनुवादा'च्या ज्या अध्यायात हा प्रेमाचा खुलासा आहे, त्याच अध्यायाच्या आरंभी कनान देशातल्या सात राष्ट्रांचा समूळ नाश करण्याची आणि त्यांच्याशी सोयरीक न करण्याची आज्ञा आहे. औषध आणि विष एकाच पानावर आहे. आपण निवडलेले आहोत हे ज्याला कळले, त्याच्या हातात तलवार आली की काय होऊ शकते, याची नोंद बायबलनेच करून ठेवली आहे.

त्या विषावरचा उताराही त्याच परंपरेत निघाला. तकोवा गावचा आमोस हा मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखून पोट भरणारा. तो इस्राएलच्या सुखवस्तू लोकांना बजावतो की देवाने तुम्हांला ओळखले आहे, म्हणूनच तुमच्या अन्यायाचा जाब तो आधी तुम्हांला विचारणार. पुढे जाऊन तो विचारतो की तुम्ही देवाला कूशी लोकांसारखेच नाही काय? तुम्हांला मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही त्यानेच दुसऱ्या देशांतून आणले ना? कूशी म्हणजे आफ्रिकेतले काळे लोक. निवड म्हणजे मानाचे पान नसून वाढलेली जबाबदारी आहे, आणि ती कोणा एका रक्ताची मिरासदारी नाही, असे एका मेंढपाळाने इ. स. पूर्व आठव्या शतकात सांगून ठेवले.

पौल आणि पंगत

नव्या करारात हा विचार पौलाने पुढे नेला. पौल यहूदी होता, विद्वान होता आणि तंबूच्या कामावर पोट भरत होता. त्याच्यापुढचा मोठा प्रश्न असा की यहूदी कुळात न जन्मलेल्या माणसांना देवाच्या लोकांत जागा आहे काय? असेल, तर ती पूर्ण की अर्धी?

हा प्रश्न पहिल्यांदा पंगतीतच पेटला. अंत्युखिया शहरात पेत्र हा येशूचा ज्येष्ठ शिष्य परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही सोवळे लोक आले, तेव्हा तो त्यांच्या भयाने पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला, असे तो गलतीकरांच्या पत्रात स्वतः सांगतो. पौलाच्या लेखी ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. एका पंगतीला न बसणे म्हणजे शुभवर्तमानच खोटे ठरवणे होते.

करिंथ शहरातल्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन खात-पीत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. त्यावर पौल म्हणतो की असे असेल तर ते प्रभुभोजन नव्हेच. याच मंडळीला तो आठवण देतो की तुमच्यात ज्ञानी, बलवान, कुलीन असे फार नव्हते; देवाने जगातले दुबळे, तुच्छ मानलेले आणि अकुलीन यांनाच निवडले. मूळ ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ 'ज्यांना कूळ नाही ते' असा होतो. निवडीच्या सिद्धांताचा गाभा या एका शब्दात आहे.

इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल या विचाराची पूर्ण मांडणी करतो. आठव्या अध्यायाच्या शेवटी तो मरण, जीवन, सत्ता, वर्तमान, भविष्य, उंची, खोली अशी एकेक शक्ती मोजतो आणि यांतली कोणतीही ख्रिस्तातल्या देवाच्या प्रेमापासून आपल्याला वेगळे करू शकणार नाही, असे ठामपणे सांगतो. अभंग प्रेमाची भाषा ती हीच. नववा अध्याय मात्र अवघड आहे. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडे जन्मलीही नव्हती, त्यांनी बरे-वाईट काही केले नव्हते, तेव्हाच देवाने एकाला निवडले. कुंभार एकाच मातीतून एक भांडे मानाचे आणि एक हलक्या कामाचे घडवतो. मातीने जाब विचारावा काय?

अभ्यासवर्गातल्या कार्यकर्त्याची हरकत येथे लागू पडते. पौलालाही ती माहीत होती. मग देव माणसाला दोष का लावतो, असा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो. त्याने दिलेले उत्तर सर्वांना पटेल असे नाही. परंतु त्याचा युक्तिवाद नवव्या अध्यायात थांबत नाही, हे विसरून चालणार नाही. अकराव्या अध्यायात तो जैतून झाडाचा दाखला देतो. बाहेरच्या झाडाची फांदी या झाडाला कलम केली आहे. तिने मोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, कारण ती मुळाला आधार देत नाही, मूळ तिला आधार देते. आणि शेवटी देवाला सर्वांवर दया करायची आहे, या विधानावर तो येऊन थांबतो. कुंभाराचा दाखला तेवढा उचलायचा आणि कलमाचा गाळायचा, ही लबाडी पुढच्या काळात अनेकांनी केली.

आधाराचा सिद्धांत झाला, सिद्धांताचे कुंपण

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस म्हणाला की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला कसून विरोध केला. ऑगस्टीनचे म्हणणे असे की माणसाची इच्छाच मुळात बिघडलेली आहे. देवाने आधी हात दिल्याशिवाय ती वळत नाही. तेव्हा तारण ही कमाई नसून कृपा आहे, आणि कृपा कोणावर करायची हे देवाच्या मर्जीवर आहे.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याने याला काटेकोर रूप दिले. त्याच्या प्रमुख ग्रंथाची शेवटची आवृत्ती १५५९ साली निघाली. काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी देवाने अनादि काळीच नेमले आहे, असे तो लिहितो. आणि हा निर्णय भयंकर आहे हेही कबूल करतो. १५५१ मध्ये बोल्सेक नावाच्या वैद्याने जिनिव्हात या शिकवणीवर उघड आक्षेप घेतला, तेव्हा त्याला शहरातून हद्दपार करण्यात आले. कृपेचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी आक्षेप घेणाऱ्यावर फारशी कृपा केली नाही!

तरीही या सिद्धांताची दुसरी बाजू आहे. कॅल्व्हिन स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला. त्याचे वाचक म्हणजे फ्रान्स आणि नेदरलँड्समधली छळ सोसणारी माणसे. नेदरलँड्समधल्या मंडळ्यांचे विश्वासपत्र लिहिणाऱ्या गी द ब्रे याला १५६७ साली फाशी दिली गेली. ज्यांच्या डोक्यावर सुळी टांगती आहे, त्यांना 'तुमची निवड राजाने केलेली नाही, म्हणून राजा ती रद्दही करू शकत नाही' असे सांगणे म्हणजे पाठीला कणा देणे होते. अभ्यासवर्गातल्या विद्यार्थ्याची आजी जे म्हणत होती ते याच परंपरेतले आहे.

नेदरलँड्समध्ये सत्ता या पंथाच्या हाती आली आणि चित्र पालटले. याकोबुस आर्मिनियस या प्राध्यापकाने माणसाच्या प्रतिसादाला निवडीत काही स्थान असावे, असे मांडले होते. त्याच्या मृत्यूनंतर १६१० साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमे पुढे ठेवली. त्यांचा निकाल करण्यासाठी दॉर्ट शहरात १६१८–१९ मध्ये मोठी धर्मसभा भरली आणि तिने ती फेटाळली. सभेचा निर्णय थोडक्यात असा : माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, निवड कोणत्याही अटीवर अवलंबून नाही, ख्रिस्ताच्या मरणाचा परिणामकारक लाभ निवडलेल्यांना मिळतो, कृपेचा अखेर पराभव होत नाही, आणि निवडलेला कायमचा गळून पडत नाही.

यात जन्माचा, रक्ताचा, वर्णाचा उल्लेख नाही. निवड अटीविना आहे असे म्हटल्यावर वर्णाची अट घालता येणारच नाही. पण सिद्धांतात जे बसत नाही, ते व्यवहारात बसवण्याची युक्ती माणसाला नेहमीच सापडते. मी निवडलेला आहे हे मला कशावरून कळावे, ही चिंता श्रद्धावंताला लागली. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४–०५ मध्ये दाखवले की या चिंतेतून माणसे ऐहिक यशात निवडीची खूण शोधू लागली. जो सुखवस्तू तो निवडलेला! श्रीमंती ही पूर्वजन्मीची पुण्याई मानणाऱ्या आपल्या समाजाला ही उडी ओळखीची वाटेल.

केपमधला पेला

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप येथे ठाणे वसवले. वसाहतवाल्यांबरोबर दॉर्टची शिकवण गेली आणि मागोमाग गुलाम आले. गुलामांना बाप्तिस्मा द्यायला मालक नाखूश असत, कारण बाप्तिस्मा झालेला माणूस विकता येणार नाही, ही धास्ती. गुलामालाही देव निवडू शकतो हे तत्त्वतः मान्य होते. पण त्या निवडीने मालकाचे नुकसान होऊ नये, एवढीच इच्छा होती.

१८२९ मध्ये केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेपुढे प्रश्न आला की वेगळ्या रंगाच्या सभासदांना प्रभुभोजन वेगळे द्यावे काय. सभेने नकार दिला. रंग किंवा मूळ न पाहता सर्वांना एकत्रच द्यावे, असे ठरले. हा निर्णय सिद्धांताला धरून होता. पण अठ्ठावीस वर्षांनी, १८५७ साली, त्याच चर्चच्या सभेने निराळा ठराव केला. परधर्मातून आलेल्यांना सध्याच्या मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे ठरावाने मान्य केले. पण काहींच्या दुर्बलतेमुळे कामात अडथळा येत असेल, तेथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत चालवावी, अशी मोकळीक दिली.

हे दुर्बल कोण? ज्यांना बाहेर बसवले ते नव्हेत. काळ्या माणसाच्या शेजारी बसून त्याच पेल्यातून पिण्याची ज्यांची छाती होत नव्हती, ते गोरे दुर्बल! त्यांच्या दुर्बलतेचा दंड भरला मात्र दुसऱ्यांनी. शास्त्र एक सांगते, पण लोकभावना सांभाळली पाहिजे, हा युक्तिवाद आपल्याकडच्या पाणवठ्यांच्या आणि मंदिरप्रवेशाच्या लढ्यांत आपण किती वेळा ऐकला आहे!

सवलत म्हणून जे आले, त्याचा नियम झाला. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. पुढे काळ्या आफ्रिकनांसाठी वेगळे, हिंदी लोकांसाठी वेगळे. त्याच सुमारास आफ्रिकानर राष्ट्रवादाने स्वतःला इस्राएलच्या जागी बसवण्यास सुरुवात केली. ब्रिटिश अंमल म्हणजे मिसर, बैलगाड्यांतून केलेले स्थलांतर म्हणजे निर्गमन, आतला मुलूख म्हणजे कनान. १६ डिसेंबर १८३८ रोजी झुलूंवर मिळवलेला विजय हा देवाशी झालेल्या कराराची खूण ठरला. पहिल्या वसाहतवाल्यांत हा 'निवडलेल्या राष्ट्रा'चा विचार फारसा आढळत नाही, तो पुढच्या राष्ट्रवाद्यांनी मागे नेऊन चिकटवला, असे काही इतिहासकारांनी साधार मांडले आहे. ही बाब महत्त्वाची आहे. निवडीच्या सिद्धांतातून वर्णद्वेष आपोआप उगवला नाही. जमीन, मजूर आणि सत्ता हवी होती. सिद्धांत त्यांच्या दिमतीला जुंपला गेला.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वाश्रमीचे याच चर्चचे पाळक होते. १९४९ मध्ये आंतरवर्णीय विवाहांवर बंदी आली; १९५० मध्ये माणसांची वर्णवार नोंदणी आणि वस्त्यांची वाटणी करणारे कायदे झाले. प्रत्येक राष्ट्र देवानेच वेगळे घडवले, ते वेगळेच राहावे, असे या चर्चचे धर्मपंडित सांगू लागले. देवाने अकुलीनांना निवडले, हा विचार असा पुरता उलटला. आता देवाने कूळच निवडले होते!

हिसकावून घेतलेला सिद्धांत

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. ६९ माणसे मेली. या घटनेने हादरलेल्या गोऱ्या पाळकांत बायर्स नॉडे हे एक होते. ते आफ्रिकानर सत्तेच्या अंतर्गोटातले. १९६३ मध्ये त्यांनी चर्चमधली प्रतिष्ठेची जागा सोडली आणि ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचे काम हाती घेतले. १९७७ ते १९८४ अशी सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लादला होता.

पण निर्णायक पाऊल टाकले ते ज्यांना १८५७ मध्ये बाहेर बसवले होते त्यांच्या वारसांनी. ऑगस्ट १९८२ मध्ये कॅनडातल्या ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाची परिषद भरली. मिशन चर्चचे पाळक ॲलन बुसाक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या प्रतिनिधींबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. मायदेशी ज्या मेजावर आम्हांला जागा नाही, त्या मेजाचे नाटक परदेशात कशाला? दलित साहित्याच्या वाचकाला या नकाराचे मोल वेगळे सांगायला नको. परिषदेने वर्णभेद हे पाप आणि त्याचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले आणि बुसाक यांना अध्यक्ष निवडले.

त्याच वर्षी मिशन चर्चची सभा केप टाउनजवळ बेलहार येथे भरली. बेलहार ही वर्णवार वस्त्यांच्या कायद्याखाली मिश्रवंशीयांसाठी आखलेली वस्ती. तेथे एका विश्वासपत्राचा मसुदा तयार झाला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला गेला. एकता, समेट आणि न्याय हे त्याचे तीन विषय. मंडळीच्या सभासदत्वासाठी वंश किंवा इतर सामाजिक बाब विचारात घेणारी प्रत्येक शिकवण ते नाकारते. अन्यायाच्या जगात देव विशेषकरून निराधारांचा, गरिबांचा आणि नाडलेल्यांचा देव आहे, आणि देव जेथे उभा आहे तेथे चर्चने उभे राहावे, असे ते सांगते.

या लोकांनी निवडीचा सिद्धांत टाकून दिला नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी तो मुळाशी नेला. या कामी त्यांना कार्ल बार्थ या स्विस धर्मशास्त्रज्ञाच्या विचाराचीही मदत झाली. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथखंडात बार्थने मांडले की देवाने माणसांचे दोन ढीग केले, ही कल्पनाच चुकीची. निवडलेला एकच आहे, येशू ख्रिस्त. आणि टाकलेलाही तोच, कारण वधस्तंभावरचा धिक्कार त्याने स्वतःवर घेतला. मग निवडीकडे पाहायचे ते वेशीबाहेर मारल्या गेलेल्या एका माणसाकडे पाहून. तेथून पाहिले की कोणालाही स्वतःच्या कुळाचा तोरा मिरवता येत नाही.

१९८६ पासून गोरे चर्चही हळूहळू आपल्या जुन्या समर्थनापासून मागे आले. एप्रिल १९९४ मध्ये मिश्रवंशीयांचे आणि काळ्यांचे चर्च एक झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस देशातल्या सर्व वर्णांच्या माणसांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा समान हक्काने मत टाकले. गोऱ्या चर्चशी पूर्ण एकीकरण मात्र पुढे लांबतच गेले. कायदा बदलतो तितक्या वेगाने पंगत बदलत नाही.

आपल्या दारातला प्रश्न

हे सर्व दूर आफ्रिकेत घडले, असे म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. केपच्या ठरावाच्या चोवीस वर्षे आधी, १८३३ साली, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना पत्र पाठवून जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडा, असे बजावावे लागले होते. तंजावरकडच्या मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनातही भेद पाळत. जात सोडण्यापेक्षा चर्च सोडणे काहींनी पत्करले. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्याची जात खरोखर गळते काय, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही परखडपणे तपासला. त्यांचे हे लेखन १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात वाचायला मिळते.

आतून उत्तर शोधणारेही निघाले. मूळचे महाराष्ट्रातले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या व्याख्यानात शूद्रांच्या धर्मशास्त्राची हाक दिली. त्यातून पुढे दलित धर्मशास्त्राचा प्रवाह वाढला. 'अनुवादा'च्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएल लोक आपला पूर्वज भटका अरामी होता, अशी कबुली देतात. निर्मल यांनी ती कबुली दलितांच्या तोंडी आणली. आमच्या पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. तो जातीबाहेरचा होता. मिसरातून बाहेर पडण्याचे ध्येय दुधा-मधाचा देश एवढेच नसून पुरते माणूसपण मिळणे हे आहे, असे त्यांनी मांडले.

तरीही एक हरकत शिल्लक राहते आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मार्गदाता आणि मोक्षदाता यांत स्पष्ट भेद केला आहे. बुद्ध वाट दाखवतो, चालायचे माणसाने. निवडीच्या सिद्धांतात तारण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती आहे. तो दुसरा कितीही प्रेमळ असला, तरी माणसाच्या कर्तृत्वाचे काय? आणि न निवडलेल्याचे काय? ऑगस्टीन, कॅल्व्हिन आणि दॉर्ट यांची उत्तरे या प्रश्नापुढे अपुरी पडतात. बार्थ त्यातून वाट काढतो, पण मग सर्वच निवडलेले काय, हे तोही ठामपणे सांगत नाही. ज्यांनी १९५६ साली नागपुरात वेगळी वाट धरली, त्यांचा या सिद्धांताशी असलेला मतभेद खरा आहे आणि तो मतभेद म्हणूनच राहू द्यावा.

पण मतभेद राखूनही परीक्षा नीट करता येते. निवडीची भाषा जो कोणी बोलेल, मग तो ख्रिस्ती असो, राष्ट्रवादी असो की क्रांतिकारक, त्याला दोन प्रश्न विचारावेत. निवडीचे कारण तू तुझ्या रक्तात, कुळात, इतिहासात शोधतोस काय? तुझ्या निवडीने पंगत वाढली की घटली? केपच्या गोऱ्या सभेला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नसती. बेलहारच्या माणसांनी ती आपल्या जगण्यातून दिली.

अभ्यासवर्गातल्या त्या कार्यकर्त्याचा प्रश्न योग्यच होता. फक्त तो आजीला विचारायचा नव्हता. खुरपे हातात धरून, आपल्याला कोणीही देवाच्या हातातून काढून घेऊ शकत नाही असे म्हणणाऱ्या बाईने त्या श्रद्धेच्या जोरावर कोणाला पंगतीतून उठवले नव्हते. गावाने हिरावलेले आपले नाव तिने तेवढे परत घेतले होते. तो प्रश्न विचारायचा आहे, तो तीच श्रद्धा सांगत दुसऱ्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्याला. वर्ग संपल्यावर कार्यकर्ता आणि तो विद्यार्थी चहाच्या टपरीवर त्यावरच वाद घालत उभे होते. त्यांचे पटले नाही. चहा मात्र दोघांनी एकाच कपातून, बशीत अर्धा-अर्धा ओतून घेतला.